पेरलेली थरथर

आई थोरलीचं घर सोडून धाकटीकडे राहायला गेली, त्या वर्षाची ही गोष्ट. कारण जिन्याचं होतं. थोरली तिसऱ्या मजल्यावर राहायची, लिफ्ट नाही. धाकटीचं घर तळमजल्यावर, दाराशी कुंड्या मांडायला ऐसपैस जागा. कारण अगदी खरं होतं, आणि म्हणूनच थोरलीला ते खोटं वाटत राहिलं. इतकी वर्षं आई हाच जिना चढत होती, उतरत होती, मधल्या वळणावर थांबून शेजारणीच्या सुनेची चौकशी करत होती, तेव्हा तिला गुडघे नव्हते का? निघायच्या दिवशी आईनं उशी तेवढी मागे ठेवली. "असू दे गं, मधूनमधून येईन ना," म्हणाली. थोरलीनं ती उशी आधी कपाटावर टाकली, मग पलंगाखाली सारली, मग काढून झटकली आणि पुन्हा पलंगावर ठेवली. घरात दोन माणसांचा आवाज असायचा तिथे एकाचा राहिला. नळ बंद केल्यावरही ठिबकतो हे तिला पहिल्यांदाच कळलं.

आवाजाचं हे कळणं तिच्या धंद्यातलंच होतं. दोघी बहिणी एकाच वेधशाळेत कामाला होत्या. वेधशाळा म्हटलं की लोक छपरावर दुर्बीण शोधतात. इथे दुर्बीण नव्हतीच. जमिनीवर काटकोनात टाकलेल्या दोन लांबच लांब नळ्या, आत हवासुद्धा नाही, टोकांना टांगलेले आरसे, आणि त्यांच्यामध्ये अखंड धावणारा उजेड. दूर कुठेतरी दोन जडजूड वस्तू एकमेकींभोवती गरगरत येऊन आदळल्या, की अवकाशच थरथरतं. पाण्यात धोंडा पडावा तशी ती थरथर पसरत जाते, आणि इथवर येईतो इतकी बारीक होते की आरसा हलला असं म्हणायलाही जीभ रेटत नाही. ती पकडायची. पण आरसा काही फक्त आकाशाचंच ऐकत नाही. रस्त्यावरून ट्रक गेला की तो हलतो, वारा सुटला की हलतो, लांबच्या समुद्रानं किनाऱ्यावर डोकं आपटलं तरी हलतो. हे सगळं ओळखून बाजूला काढायचं, हे थोरलीचं काम. उरेल त्यात आकाशाचं बोलणं शोधायचं, हे धाकटीचं. म्हणजे एकीनं गहू निवडायचा आणि दुसरीनं पोळी लाटायची. जेवणारा पोळीचंच नाव घेतो, निवडणारीला कोण विचारतं.

त्या सकाळी फोन वाजला तेव्हा थोरली तळघरात एका पाण्याच्या पंपाशी भांडत होती. पंप अधूनमधून कण्हत होता आणि ते कण्हणं नळीपर्यंत पोचत होतं. फोन वरच्या मजल्यावरून होता.

"ताई, आलंय!" धाकटीला दम लागला होता. "दोन्हीकडे आलंय. इथेही, आणि त्या दुसऱ्या वेधशाळेतही, पाठोपाठ. फक्त आपल्याकडे मध्येच काहीतरी खरखर बसलीय त्यावर. तेवढी निवडून दे. देशील ना लगेच?"

"बघते."

"लगेच हं, ताई."

"अगं बघते म्हटलं ना. आकाश कुठे पळून चाललंय?"

फोन ठेवला आणि थोरलीच्या पोटात काहीतरी कोमट, गोड असं उतरलं. थंडीत कुणीतरी गरम पाण्याचा तांब्या हातात द्यावा तसं. पेरलेलं उगवलं, तिनं मनात म्हटलं.

ही पेरणी म्हणजे वेधशाळेतल्या लोकांची एक रीत. आपल्या माणसांचे कान शाबूत आहेत की नाहीत हे कळावं म्हणून कुणीतरी एकानं गुपचूप दोन्ही वेधशाळांतले आरसे मुद्दाम हलवायचे, आकाशातून खरीच थरथर आल्यासारखे, हुबेहूब. कुणालाही सांगायचं नाही. बाकीच्यांनी ती खरी समजून जिवापाड काम करायचं, आणि शेवटी ठरल्या दिवशी बंद पाकीट उघडून सांगायचं, बाबांनो, ही पेरलेली होती. मागल्या वर्षी अशीच एक पेरली होती. माणसं आनंदानं रडली, कुणी आपल्या म्हाताऱ्या गुरूच्या घरी जाऊन पाया पडून आला, आणि पाकीट उघडल्यावर तोच माणूस खिडकीकडे तोंड करून उभा राहिला तो जेवायच्या सुट्टीपर्यंत. यंदा पेरणीचं काम मुख्य साहेबांनी थोरलीकडे दिलं होतं. साहेबांना सगळे माघारी थंडोबा म्हणत. आग लागली तरी ते आधी चष्मा पुसत. "तुमच्या पोटात गोष्ट राहते," ते तिला म्हणाले होते. राहत होती खरी. राहून राहून आंबतही होती, ते त्यांना ठाऊक नव्हतं. काय पेरायचं आणि कुठल्या आठवड्यात, हे थोरलीनं ठरवायचं. नेमका क्षण यंत्र आपल्या मनानं निवडणार. थोरलीनं आठवडा निवडला तो धाकटीचा. वर बसून पहारा द्यायची पाळी धाकटीची होती, तोच. बोटानं कळ दाबताना तिनं स्वतःला सांगितलं होतं की कुणाचा तरी आठवडा घ्यावाच लागणार, मग हिचा का नको? नियमात बसत होतं. मत्सराला नियम फार आवडतात. त्यांच्या आडून त्याला सगळीकडे फिरता येतं.

तिनं पंप बंद करवला, आणि मग, जे लगेच करायचं ते न करता, चहा केला. कप दोन्ही हातांत धरून बाकावर बसली. वर आता धाकटी केस मागे बांधत असेल. काही मोठं व्हायचं असलं की तिचे हात आपोआप केसांकडे जातात, लहानपणापासून. लहानपणी लपाछपी खेळताना एकदा थोरलीवर राज्य होतं. धाकटी जिन्याखालच्या कपाटात लपली होती. थोरलीला ते पहिल्या क्षणी कळलं होतं, कपाटाच्या फटीतून फ्रॉकची झालर बाहेर आली होती. ती शोधायलाच गेली नाही. मैत्रिणीकडे गेली, चित्रं काढत बसली, दुपार उलटली. घरी परतताना तिनं मनाशी धरलंच होतं. आता रडून रडून लाल झालेलं तोंड दिसेल, आई मारेल, काय व्हायचं ते होईल. आणि धाकटी कपाटातून बाहेर आली ती घामानं निथळत, गालावर कोळिष्टक, डोळे लखलखत. "मी जिंकले! ताईला मी सापडलेच नाही!" आईनं तिला कडेवर घेतलं होतं. थोरलीला कुणी मारलंही नाही. तेव्हापासून हे असंच. हिला खड्ड्यात ढकलावं तर खड्ड्यातून ही काहीतरी चमकतं हातात घेऊन वर येते. अक्षरं हिला थोरलीनं शिकवली, बेरीज-वजाबाकी शिकवली, या नोकरीचा अर्जही भरायला लावला. "माझ्याआधी दोन पायऱ्या चढून गेलीस की!" असं सगळ्यांसमोर हसून म्हटलं, आणि घरी येऊन दात घासताना हिरड्यांतून रक्त येईतो घासलं.

आणि आईचं ते. अकरा वर्षं थोरली आईला आपलं काम समजावत होती. आरसे, उजेड, अंतर किती आणि फरक किती, सगळं काटेकोर, एक शब्द इकडचा तिकडे नाही. आई मान हलवायची आणि विचारायची, "पण ऐकून काय मिळतं गं?" धाकटी एकदा जेवायला आली होती. हात धुता धुता म्हणाली, "आई, तू स्वयंपाकघरात असलीस आणि पलीकडच्या खोलीत भांडं आदळलं, तर न बघता सांगायचीस ना, कोण चिडलंय आणि कुणावर? तसंच. आजवर माणसानं आकाश नुसतं बघितलं. जे उजेड देत नाही ते त्याला दिसलंच नाही. कृष्णविवरं असतात, काळोखात काळोख, दिसणार कशी? पण आपटली की ऐकू येतात. किती मोठी होती, किती लांब होती, आपटून एक झाली की दोनच राहिली, सगळं आवाजावरून कळतं." आई टाळी वाजवून हसली. "म्हणजे तुम्ही भिंतीला कान लावून बसता!" दुसऱ्या दिवसापासून जिन्याच्या वळणावर शेजारणीला हेच. माझ्या मुली आकाशाच्या भिंतीला कान लावतात. माझी धाकटी असं म्हणते, माझी धाकटी तसं म्हणते. अकरा वर्षांचं थोरलीचं बोलणं त्या एका भांड्याच्या आवाजात बुडून गेलं. कधीकधी तिला वाटे, आई त्या दिवशीच गेली धाकटीकडे. जिना नंतर आला.

चहा संपला. तिनं कप विसळला, पालथा घातला. वरून पुन्हा फोन आला तो तिनं दोनदा वाजू दिला. "करतेय, करतेय." धाकटी म्हणाली, "ताई, मी आईला फोन केला गं. राहवलं नाही. नियमात बसत नाही, पण म्हटलं नुसतं सांगावं, की आज काहीतरी ऐकलंय." थोरलीच्या अंगावर काटा आला, सुखाचा की कसला ते तिनं बघितलं नाही. आईलाही सांगून बसली. आता परवा पाकीट उघडेल, आणि आईला पुन्हा फोन करावा लागेल. आई, खोटं होतं ते. कुणी पेरलं होतं? ताईनं. त्या फोनची वाक्यं थोरली मनात जुळवत राहिली, त्यात एकदा आई म्हणाली, "तरीच, थोरलीच हुशार," आणि थोरलीला स्वतःचीच लाज वाटली. पण लाजेनंही ती उठली नाही.

मग कधीतरी तिनं संगणकाचा पडदा उघडला. खरखर शोधायची म्हणून. खरखर होती, कुठल्यातरी तारेतला एक ठसका, क्षणभराचा. असे तिनं शेकडो निवडून टाकले होते. पण ठसक्याच्या मागेपुढे एक रेघ होती. बारीक, लांब, खालून निघून हळूहळू वर चढत जाणारी, आधी कंटाळल्यासारखी, मग घाईघाईनं, शेवटी एकदम उभी. बराच वेळ चालली होती ती रेघ. एखाद्या बाईनं ओवी गुणगुणायला घ्यावी आणि शेवटी ती किंकाळी व्हावी, तशी.

थोरली बघत राहिली. हे तिचं नव्हतं. तिनं पेरली होती ती दोन मोठाली कृष्णविवरं, डोळ्याचं पातं लवायच्या आत संपणारी एक धाप. ती अजून यंत्रात तशीच पडून होती, आपल्या क्षणाची वाट बघत. हे दुसरंच होतं. हे हलकं होतं, लांबलचक होतं. मेलेल्या ताऱ्यांचे उरलेले दोन गाभे, शहराएवढे लहान आणि अख्ख्या सूर्याहून जड, युगानुयुगं एकमेकांभोवती फिरून शेवटी भेटलेले. आणि गाभे आदळतात तेव्हा नुसता आवाज होत नाही, उजेडही होतो. त्या राखेत सोनं तयार होतं म्हणतात; जगातलं बरंचसं सोनं असल्याच धडकांतून आलं असावं असा अंदाज होता, पण धडक ऐकू आली आणि तिथेच नजरही पोचली, असं या वेधशाळेत अजून एकदाही घडलं नव्हतं. दोन्ही जमली तर आणखीही कळणार होतं. आवाजावरून अंतर, उजेडावरून पळण्याचा वेग, आणि दोन्हींवरून अख्खं विश्व किती झपाट्यानं फुगतंय याचं एक नवं माप. पण तो उजेड दिवस-दोन दिवसांचा सोबती. विझायच्या आत दुर्बिणी वळायला हव्यात. आणि आपण चहा पीत बसलो, हे वाक्य तिच्या मनात आलं ते दुसऱ्या कुणाच्यातरी आवाजात आलं.

ती जिने चढून वर आली. तिसऱ्या मजल्यावर राहणारी बाई, तिला कधी धाप लागत नसे, आज लागली. वरच्या खोलीत दाटी झाली होती. जगभरच्या दुर्बिणवाल्यांशी बोलणी करणारा माणूस टेबलाच्या कडेवर बसला होता. रात्रभर जागतो म्हणून त्याला घुबड म्हणत, तोही ओ देई. थंडोबा चष्मा पुसत होते. धाकटीचे केस बांधलेले होते.

"खरखर निघेल," थोरली दारातूनच म्हणाली. "तारेतला ठसका आहे. खालचं शाबूत आहे."

"बघा!" धाकटी घुबडाकडे वळली. "आता तरी वळवा!"

"बाई, मी कधी नाही म्हटलं?" घुबड म्हणालं. "पण मागल्या वर्षी तुमच्या पेरणीपायी जगभरच्या दुर्बिणी आम्ही रिकाम्या आकाशाकडे तोंड करून बसवल्या. लोकांनी माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तेव्हाच ठरलं, पेरलेली नाही असं तुम्ही सांगितल्याशिवाय आमच्यातला एकही जण मान वळवणार नाही. सांगा, लगेच वळवतो. आणि सांगायचं तर आत्ता सांगा. समुद्रापलीकडे अंधार पडत आलाय, तो आकाशाचा तुकडा सूर्याच्या मागोमाग बुडतो. उद्या आणखी खाली जाईल."

सगळे थंडोबांकडे बघू लागले. "काय पेरलंय, कधी पेरलंय, मलाही माहीत नाही," ते म्हणाले. "पेरणाऱ्यानं परवापर्यंत तोंड उघडायचं नाही, हा नियम. नियम मीच केलाय." त्यांनी थोरलीकडे पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही, हे तिला कळलं.

गप्प बसणं हा गुन्हा नव्हता. तोच नियम होता. तिला काही करायचंच नव्हतं, फक्त उभं राहायचं होतं. कपाटाच्या फटीतली झालर बघून मैत्रिणीकडे निघून जायचं होतं. परवा पाकीट उघडलं असतं, लोक हळहळले असते, पण उजेड निसटला म्हणून कुणी थोरलीला बोल लावला नसता. आवाज तेवढा राहिला असता धाकटीचा. अर्धा शोध. अर्ध्यानं हिचं काही बिघडत नाही, असं थोरलीच्या मनानं हळूच म्हटलं, आणि तिनं धाकटीकडे पाहिलं. धाकटी कुणाकडेच बघत नव्हती. पडद्यावरच्या रेघेकडे बघत होती, तोंड थोडंसं उघडं, दुसऱ्याच्या घरातलं रडणं ऐकताना माणूस थबकतो तसं. त्या चेहऱ्यावर जिंकणं नव्हतं. कपाटातून बाहेर आलेल्या त्या मुलीच्याही चेहऱ्यावर कदाचित जिंकणं नसेल. काळोखात बसून तिनं काहीतरी ऐकलं असेल, आणि ते सांगायला दुसरा शब्द नसेल. ही कल्पना थोरलीला मुळीच सुखाची वाटली नाही. उलट जळजळली. मत्सर करायलाही जिच्यात जागा सापडत नाही, तिचं करायचं काय?

"पेरलेली नाही," थोरली म्हणाली.

"तुला काय माहीत?" धाकटीनं मान वळवली.

"पेरणारी मी आहे."

खोलीत कुणीतरी खुर्ची सरकवली. "मग तुझी कुठाय?" धाकटीनं विचारलं.

"यायचीय अजून. जड आहे, क्षणभराची. ह्याच आठवड्यात." आणि मग, तेवढ्यावर भागत असूनही, "तुझ्या आठवड्यात," असं ती म्हणाली.

धाकटी तिच्याकडे बघत राहिली. नंतर थोरलीला पुष्कळदा वाटलं, तेव्हाच तिनं एक थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं. पण घुबडानं टुणकन उडी मारून फोन उचलला होता, कुणी नकाशा पुढे ओढला होता, आणि धाकटी म्हणाली, "आधी तुझी यंत्रातून काढ. मधेच येऊन बसायची. आणि ठसका निवडून दे, ताई, पटकन." थोरली खुर्चीवर बसली आणि निवडायला लागली. इतक्या झरझर तिनं आयुष्यात कधी निवडलं नव्हतं.

समुद्रापलीकडच्या पहिल्या दुर्बिणीला आकाशाचा तो तुकडा मावळता मावळता मिळाला. एका म्हाताऱ्या, फिकट दीर्घिकेच्या कडेला एक ठिपका होता, जो आदल्या फोटोत नव्हता. पहिल्या दिवशी निळसर, मग तांबूस, मग नाही. सोनं त्यात दिसलं, म्हणजे सोन्यासारख्या जड धातूंची राख दिसली. पण सुरुवातीचा उजेड, धडकेनंतरचा अगदी कोवळा, ज्यातून कळायचं होतं की आदळल्यावर ते दोन गाभे क्षणभर तरी एकत्र जगले की तात्काळ काळोखात कोसळले, तो कुणाच्याच हाती लागला नाही. आणखी एका पर्वतावरच्या दुर्बिणीला इथल्या सकाळीच तो तुकडा दिसत होता. ती वळलीच नव्हती. थोरलीच्या चहाच्या वेळात तिथे तो मावळून गेला होता.

दोघी बोलल्या ते त्यानंतर, खालच्या मजल्यावरच्या हात धुवायच्या खोलीत. धाकटी तोंडावर पाणी मारत होती.

"माझा आठवडा मुद्दाम घेतलास?"

"हो."

"का गं?"

"फसावीस म्हणून."

धाकटीनं नळ बंद केला. "फसलेच असते मी. आणि सकाळी फोन केला तेव्हा?"

"तेव्हा वाटलं, फसलीस."

"म्हणून उशीर केलास?"

"हो. चहा पीत बसले होते."

धाकटी आरशात बघून टॉवेलनं मान पुसत राहिली. थोरली वाट बघत होती. आता हिनं बोलावं, लहानपणापासूनचं सगळं काढावं, आई का गेली तेही काढावं; मग आपणही काढू. तिच्याकडे सगळं तयार होतं, वर्षानुवर्षं निवडून ठेवलेलं.

"किती उजेड वाया गेला गं, ताई," धाकटी म्हणाली. बस, एवढंच. ते रागानं म्हटलं नव्हतं. ती त्या उजेडासाठी हळहळत होती, आणि त्या हळहळीत थोरली कुठेच नव्हती, ट्रक किंवा वारा असावा तशीही नव्हती.

शोधाच्या कागदावर धाकटीचं नाव आधी लागलं. थोरलीचं पुष्कळ मागे, खरखर निवडणाऱ्यांत. थंडोबांनी पेरणीची रीत बंद केली. थोरली सुट्टीच्या दिवशी आईला भेटायला धाकटीच्या घरी जात राहिली. जाणं टाळलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि आईला त्या चहाचं काहीच माहीत नव्हतं. एकदा दाराशीच शेजारची बाई बसली होती आणि आई तिला रंगवून सांगत होती. "ऐकलं धाकटीनं. पण मेलं खरं की खोटं ते कुणाला कळेना! मोठमोठे साहेब नुसते बघत बसले. ते ओळखलं माझ्या थोरलीनं. ती बोलली तेव्हा कुठे दुर्बिणी हलल्या. ही येतेय बघा, हिनं." थोरलीनं आत पाहिलं. धाकटी मोरीपाशी पाठमोरी उभी राहून भांडी विसळत होती. म्हणजे घरी सांगितलं होतं ते असं. एकही शब्द खोटा नव्हता. ही माया होती, की टोमणा होता, की धाकटीला ते खरंच असं आठवत होतं? थोरलीनं त्या पाठीकडे नीट निरखून पाहिलं, मानेकडे, कोपराच्या हलण्याकडे. सगळ्या जगाची खरखर तिला ओळखता येत होती. धाकटीनं एक भांडं उपडं घातलं, दुसरं घेतलं. "ये ना गं आत," आई म्हणाली. "दारात काय उभी?" थोरली आत जाऊन आईशेजारी बसली, आणि आईनं तिचा हात आपल्या हातात घेतला तो सोडवून घ्यावासा वाटला तरी तिनं तसाच राहू दिला.

आई त्याच वर्षी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी, धाकटीच्या घरी वारली. थोरली तेव्हा कामावर होती.